सॅटर्न फाइव्हचा पांढरा : १/९६ च्या जुन्या किटबद्दल

दातांच्या लॅबमध्ये पांढऱ्याच्या सोळा छटांची पट्टी असते, ए-वनपासून डी-फोरपर्यंत. नवीन मुलगी कामाला लागली की पहिले दोन महिने तिला ए-वन आणि बी-वन यांतला फरक दिसतच नाही. मग एक दिवस अचानक दिसायला लागतो आणि पुढे आयुष्यभर दिसत राहतो. मी दादरच्या एका लॅबमध्ये बावीस वर्षं सिरॅमिकचे दात घडवते, रंगवते. त्यामुळे कुणी ‘पांढरा दे’ म्हटलं की ‘कुठला पांढरा?’ हेच माझ्या तोंडून पहिल्यांदा निघतं. गेल्या वर्षी जूनमध्ये घरी आलेल्या सॅटर्न फाइव्हच्या किटबद्दल, म्हणजे सुटे भाग जोडून करायच्या छोट्या प्रतिकृतीबद्दल, लिहिते आहे, आणि त्यातलं बरंचसं पांढऱ्याबद्दलच असेल.

आधी किट कुठलं ते सांगते. माणसांना चंद्रापर्यंत नेणारं ते अमेरिकन रॉकेट, प्रमाण १/९६. साचे चांद्रमोहिमांच्या दिवसांतले, १९६९ च्या सुमाराचे. २०१९ मध्ये पहिल्या चांद्रविजयाला पन्नास वर्षं झाली तेव्हा किट पुन्हा बाजारात आलं, माझा खोका त्या खेपेतला. खरं रॉकेट ११० मीटरपेक्षा थोडं उंच होतं, म्हणजे आपल्याकडच्या छत्तीस मजली टॉवरएवढं. किट जोडून उभं केलं की ११५ सेंटिमीटर भरतं. पावणेचार फूट. पहिलीतल्या मुलाएवढं. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या बाईने हे विकत घ्यावं का, असं घरात सगळ्यांनी विचारलं. माझं उत्तर तेव्हाही ‘हो’ होतं, आजही ‘हो’च आहे. फक्त किटने जो रंग आयता दिलाय तो विसरायची तयारी ठेवून घ्या. पाचपैकी गुण द्यायचे तर आहे तसं जोडणाऱ्याला मी अडीच सांगेन आणि रंगवणाऱ्याला साडेचार.

विकत घेतानाचा अनुभव वाईट होता. ऑनलाइन विक्रेत्याने ‘सीलबंद’ म्हणून लिहिलं होतं, अकरा हजारांच्या आसपास पैसे आगाऊ घेतले, आणि खोका आला तो एका कोपऱ्यात दबलेला. आत रॉकेटच्या तीन टप्प्यांपैकी सगळ्यात खालच्या, पहिल्या टप्प्याच्या कातडीवर आडवी घडी पडलेली आणि टोकाच्या सुटकेच्या मनोऱ्याची (संकटात अंतराळवीरांची कुपी ओढून नेतो तो) एक काडी मोडलेली. फोटो पाठवले, तीनदा फोन केला, शेवटी ‘जुना माल असाच असतो’ एवढंच उत्तर मिळालं. जुना माल असाच नसतो. नीट ठेवलेला जुना माल नव्यासारखा असतो. अशी खरेदी करणार असाल तर खोक्याच्या सहाही बाजूंचे आणि उघडलेल्या खोक्याचे फोटो मागून घ्या. विक्रेता नाही म्हणाला तर सोडून द्या.

आता ‘कातडी’ म्हणजे काय ते सांगते, कारण या किटचं सगळं त्यातच आहे. विमानांच्या किटमध्ये दोन अर्ध्या भागांना चिकटवून अंग तयार होतं. इथे तसं नाही. रॉकेटचं अंग म्हणजे पातळ प्लॅस्टिकचे सपाट पत्रे, त्यांच्यावर काळ्या-पांढऱ्या खुणा आधीच छापलेल्या. ते गोल वळवायचे, कडेला कडा लावायची, वर-खाली साच्यातल्या कड्या बसवायच्या. ऐकायला सोपं वाटतं. पण प्लॅस्टिकला सपाट राहायची सवय असते. तुम्ही चिकटवता आणि ते रात्रभर उसवायला बघतं. सकाळी उठून पाहिलं तर जोडाच्या मध्यभागी नखाएवढी फट.

मी हा प्रश्न सोडवला तो नळाच्या पाइपने. खऱ्या रॉकेटच्या पहिल्या टप्प्याचा व्यास १०.१ मीटर, म्हणजे १/९६ मध्ये साडेदहा सेंटिमीटर. आपल्याकडे सांडपाण्याला जो चार इंची पीव्हीसी पाइप वापरतात तो बाहेरून ११० मिलिमीटर असतो, आणि त्याचा आतला व्यास जवळजवळ साडेदहा सेंटिमीटरच भरतो! हे मला मोजपट्टी हातात असताना, बाथरूमच्या मागच्या पाइपकडे बघताना सुचलं. आमच्या प्लंबरकडून दीड फुटाचा तुकडा कापून आणला, आतून घासून गुळगुळीत केला, पत्रा हलकेच गुंडाळून आत सरकवला आणि सोडून दिला. आत गेल्यावर तो स्वतःच फुलून पाइपला चिकटतो. दोन दिवसांनी बाहेर काढला तेव्हा हातात धरूनही गोल राहत होता. घडी पडलेल्या जागी आतून प्लॅस्टिकचा एक जाड पट्टा लावून घेतला आणि तसलाच पट्टा जोडाच्या मागे, वरपासून खालपर्यंत. मग तामिया कंपनीचं पातळ सिमेंट, म्हणजे प्लॅस्टिक जोडायचा पाण्यासारखा गोंद, ब्रशच्या टोकाने जोडावर टेकवलं. टेकवायचं फक्त, फिरवायचं नाही. ते स्वतःच फटीत धावत जातं. हे सिमेंट मी या कामापुरतं आणलं होतं, आता लॅबमध्येही माझ्या टेबलावर असतं.

जोडावर लांबी (फट बुजवायची पुट्टी) भरून घासायची वेळ आली तेव्हा बाबा, म्हणजे माझे सासरे, खुर्ची ओढून शेजारी बसले. बाबा बेस्टच्या दादर वर्कशॉपमध्ये रंगकामाला होते. तीस वर्षं बसगाड्यांना लाल रंग दिला. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी रस्त्यावरून बस गेली की आधी रंगाकडे बघतात. माझा पॉलिश पेपर बघून त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “सूनबाई, कोरडं घासू नको. पाणीपेपर घे. कोरड्या पेपरच्या रेघा तीन हातांनंतरही वर येतात.” हात म्हणजे रंगाचा थर, रंगाऱ्यांच्या भाषेत पहिला हात, दुसरा हात. अस्तराचा हात सगळ्यात आधी. त्या दिवसापासून हे काम दोघांचं झालं.

बाबांचं चंद्राशी आधीपासून नातं आहे. अपोलो ११ मोहिमेचं चांद्रयान ईगल चंद्रावर उतरलं तेव्हा आपल्याकडे २१ जुलै १९६९ ची रात्र होती, पावणेदोन वाजले होते, आणि आर्मस्ट्राँगने पाऊल ठेवलं तेव्हा सकाळचे साडेआठ व्हायला आले होते. मुंबईत दूरदर्शन सुरू व्हायला अजून तीन वर्षं होती. बाबा त्या वेळी लोकलमध्ये लटकत होते. दादरला उतरल्यावर हॉटेलातल्या रेडिओभोवती गर्दी दिसली तेव्हा कळलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते तिघेही, आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स, जगाच्या दौऱ्यात मुंबईला आले होते. बाबा बघायला गेले, पण गर्दीत इतके मागे होते की माणसं दिसलीच नाहीत, टाळ्यांचा आवाज तेवढा ऐकला. खोका उघडला त्या संध्याकाळी त्यांनी हे मला पहिल्यांदा सांगितलं. माझ्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली आहेत.

जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही फक्त जोडकाम आणि घासकाम केलं. मुंबईच्या पावसाळ्यात लॅकर, म्हणजे झटपट वाळणारा रंग, मारू नये. हवेतलं पाणी ओल्या रंगावर बसतं आणि चमकदार थरावर दुधट धुकं धरतं. मी एकदा घाई केली होती, चाचणीचा तुकडा म्हणून, आणि काळा रंग राखाडी होऊन वाळला. कॉम्प्रेसरच्या नळीतही पाणी साचतं. मध्येच एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारायचं पेनाएवढं हत्यार) थुंकतो आणि तासाभराचं काम वाया जातं. म्हणून नागदेवीच्या बाजारातून छोटा कॉम्प्रेसर आणला तेव्हा त्याला पाणी अडवणारी बाटली लावून घेतली. मुंबईत एअरब्रश घेणाऱ्याने कॉम्प्रेसरपेक्षाही आधी या बाटलीची चौकशी करावी. रंग द्यायला सुरुवात केली ती दिवाळीनंतर, गच्चीवर, सकाळी आठ ते दहाच्या मध्ये. त्यानंतर वारा सुटतो आणि धूळ उडते.

आता पांढरा.

छापील कातडीचा पांढरा हा कागदाचा पांढरा आहे. ट्यूबखाली तो निळसर दिसतो, आणि अख्खं रॉकेट औषधाच्या दुकानातल्या जाहिरातीसारखं वाटतं. रॉकेटला पांढरा रंग दिला होता तो शोभेसाठी नाही. पहिल्या टप्प्यात रॉकेलच्या जातीचं इंधन आणि द्रवरूप ऑक्सिजन होता, उणे १८३ अंशांवर. वरच्या दोन टप्प्यांत द्रवरूप हायड्रोजन होता, उणे २५३ वर. फ्लोरिडाच्या उन्हात या टाक्या तापू नयेत म्हणून पांढरा. आणि फ्लोरिडाचा तो किनारा आपल्यासारखाच दमट आहे, त्यामुळे गार टाक्यांवर हवेतली वाफ गोठून बर्फाचा थर धरायचा. उड्डाणाच्या चित्रफितीत अंगावरून पांढरे पापुद्रे सुटून पडताना दिसतात, तो हाच बर्फ. म्हणजे तिथे रंगाचा पांढरा होता, त्यावर बर्फाचा पांढरा होता, आणि दोन्हींवर सकाळचं ऊन. कागदी पांढऱ्यात यातलं काही येत नाही.

आमच्या कामात छटा जुळवायची ती दिवसाच्या उजेडात, खिडकीशी. ट्यूबखाली जुळलेला दात उन्हात गेला की शेजारच्या दातापेक्षा वेगळा दिसतो आणि पेशंट तीन दिवसांत परत येतो. तेच मी इथे केलं. प्लॅस्टिकच्या जुन्या चमच्यांवर सात पांढरे मारले आणि रोज सकाळी दहाच्या उजेडात पूर्वेच्या खिडकीत ठेवून बघितले. चौथ्या दिवशी एक ठरला: चाळीस थेंब पांढऱ्यात एक थेंब करडा, आणि ब्रशच्या टोकावर मावेल एवढा मातकट पिवळा. बाटलीत बघितलं तर पांढराच दिसतो. कागदाशेजारी धरला की कळतं. तिसऱ्या टप्प्यासाठी त्यातच पांढरा थोडा वाढवून घेतला, म्हणजे खालून वर जाताना अंग हलकं होत गेल्यासारखं वाटतं. हे कुठल्या पुस्तकात नाही, हा माझ्या डोळ्याचा निर्णय आहे. दातातही मुळाकडचा रंग गडद असतो आणि टोकाकडे फिका होत जातो. एकाच रंगाचा अख्खा दात खोटा दिसतो.

छापील काळ्यावर पांढरा चढवणं कठीण. मी पहिल्यांदा सरळ अस्तर मारलं आणि दोन हातांनंतरही खालच्या खुणा पावसात भिजलेल्या वर्तमानपत्रासारख्या आतून दिसत राहिल्या. म्हणून सांगते, आधी आठशे नंबरच्या पाणीपेपरने छपाई शक्य तेवढी उतरवा, मग करडं अस्तर, मग पांढरं अस्तर, आणि त्यानंतर रंगाचे पातळ पातळ चार हात. जाड एक हात देऊन काम उरकायचा मोह होतो. ओघळ येतो. ओघळ आला की आठवडा थांबून घासायचं आणि पुन्हा पहिल्यापासून.

काळ्या खुणा मात्र बाबांच्या हातच्या आहेत. या खुणांनाही कारण होतं. रॉकेट वर जाताना स्वतःभोवती किती फिरतंय ते जमिनीवरच्या कॅमेऱ्यांना कळावं म्हणून काळे-पांढरे भाग आळीपाळीने रंगवलेले. म्हणजे ती कडा धारदार असायलाच हवी. ती मोजायची खूण होती. बाबांनी मला बसवर पट्टा मारायची रीत दाखवली. मास्किंग टेप लावायची, नखाने कड दाबून घ्यायची, आणि मग थेट काळा नाही मारायचा. आधी टेपच्या कडेवर खालचाच पांढरा परत एकदा हलका मारायचा. टेपखाली जिथे कुठे बारीक वाट असेल तिथे हा पांढरा शिरून ती बंद करतो. मग काळा. काळा पूर्ण वाळायच्या आत, अंगठ्याला चिकटत नाही पण अजून मऊ आहे अशा वेळी, टेप अंगाशी जवळजवळ समांतर ठेवून मागे ओढायची. बाबांनी पहिली टेप ओढली तेव्हा मी नाक टेकेल इतक्या जवळ होते. बारीक फर्र आवाज, आणि मागे काळा संपतो तिथे पांढरा सुरू. मध्ये काहीच नाही, केसाएवढाही करडा नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांचा हात पेला उचलताना थरथरतो, टेप ओढताना नाही.

काळाही कुट्ट काळा घेऊ नका. एवढ्या लहान प्रमाणात तो भोकासारखा दिसतो. पंधरा भागांना एक भाग करडा मिसळा आणि चमक मध्यम ठेवा.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. पहिल्या टप्प्याला किटसोबत आलेल्या रंगाच्या पत्रिकेप्रमाणे रंग देऊन झाला आणि तो शोकेसवर उभा करून आम्ही दुसऱ्याकडे वळलो. मी अपोलो ११ च्या उड्डाणाचा एक मोठा फोटो झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणला होता आणि भिंतीला लावला होता. एका रविवारी बाबा पेपर वाचायचं भिंग घेऊन त्या फोटोसमोर बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, “टाक्यांच्या मधला हा आपला काळा, तो यात कुठंय?”

मी म्हटलं, पत्रिकेत आहे, छपाईतही होता. ते म्हणाले, “पत्रिकेत असेल. गाडीवर नाही.”

बरोबर होतं. पहिल्या टप्प्यात खाली इंधनाची टाकी, वर ऑक्सिजनची, आणि दोघींच्या मध्ये एक मोकळा कप्पा असतो. आम्ही त्या कप्प्यावर काळा दिला होता. फोटोत तिथे स्वच्छ पांढरं. मी अपोलो ८, १२, १७ चे फोटो काढून बघितले, सगळीकडे पांढरं. मग १९६६ चा एक फोटो सापडला आणि त्यात तो काळा होता, हुबेहूब आमच्या पत्रिकेतल्यासारखा. ते रॉकेट होतं ५००-एफ. ते उडण्यासाठी बनलेलंच नव्हतं. केनेडी अंतराळ केंद्रावर रॉकेटची जुळणी नीट होते का, तळापर्यंत नेता येतं का, इंधन भरता येतं का, याची रंगीत तालीम करण्यासाठी ते होतं. २५ मे १९६६ ला ते पहिल्यांदा जुळणीच्या इमारतीतून बाहेर आणलं. उन्हात उभं असताना काळ्या रंगामुळे टाक्यांच्या मधला तो कप्पा फार तापतो असं तेव्हा लक्षात आलं, आणि उडणाऱ्या रॉकेटांवर तो भाग पांढरा केला. म्हणजे या किटची रंगाची पत्रिका त्या तालमीच्या रॉकेटची आहे. आर्मस्ट्राँगला घेऊन गेलं ते रॉकेट वेगळं दिसत होतं.

मला राग आला हे खरं. चार रविवार गेले होते. साचे जुने आहेत हे मान्य, त्या काळी समोर जे होतं त्यावरून ते बनले हेही समजू शकते. पण इतक्या वर्षांनी पुन्हा खोक्यात घालताना पत्रिकेत दोन ओळी लिहायला हव्या होत्या. हे किट मुलं जोडतात. त्यांनी भिंतीवर लावलेल्या फोटोशी ताडून बघितलं तर जुळायला हवं. तुम्ही हे किट घेणार असाल तर रंगाची पत्रिका बाजूला ठेवा आणि ज्या मोहिमेचं रॉकेट करायचंय तिचे फोटो समोर ठेवा. नासाचे फोटो मुबलक आहेत, फुकट आहेत. आणि कुणाला ५००-एफच करायचं असेल तर जरूर करा, तेही देखणं आहे. फक्त त्याच्या पायाशी अपोलो ११ अशी पाटी लावू नका.

काळ्यावर पुन्हा पांढरा. टेपच्या कडेला रंगाचा सूक्ष्म उंचवटा राहिला होता, तो बाराशेच्या पाणीपेपरने बसवला. अस्तर, पांढरा, पांढरा, पांढरा. याबद्दल शेवटी पुन्हा सांगते.

इंजिनांमध्ये मी फार रमले. पहिल्या टप्प्याला पाच एफ-१ इंजिनं असतात, खरं एकेक इंजिन साधारण ५.८ मीटर उंच, किटमध्ये सहा सेंटिमीटर, माझ्या करंगळीएवढं. संग्रहालयांतल्या फोटोंत ही इंजिनं उघडी दिसतात, नळ्यांचं जाळं असलेली, म्हणून बरेच जण ती चकचकीत धातूच्या रंगात रंगवतात. उड्डाणाच्या वेळी मात्र उष्णतेपासून वाचवायला त्यांच्यावर चुरगळलेल्या पातळ धातूच्या पत्र्याचं पांघरूण असायचं. मी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद मागून आणला (आमच्याकडे कुणी ओढत नाही, खालच्या पानवाल्याने साठवून दिले). कागदाचा थर पाण्यात भिजवून सोलून काढला, राहिलेली चांदी मुठीत चुरगळली, पुन्हा उलगडली आणि इंजिनावर पातळ गोंदाने बसवली. लॅबमधलं मेण कोरायचं बारीक हत्यार घेऊन खाचांमध्ये दाबली. वरून तपकिरी-काळ्या पाण्यासारख्या रंगाचा एक हात, लगेच पुसून घेतलेला, म्हणजे तो सुरकुत्यांमध्येच राहतो. पाच इंजिनांना पाच संध्याकाळी गेल्या. किट खाली ठेवलं की ती दिसत नाहीत. मला माहीत आहे ती तिथे आहेत, आणि कोणी आलं की मी रॉकेट आडवं करून दाखवते.

बाकीचं थोडक्यात. टप्पे एकमेकांपासून सुटे होतात, हे या किटचं सगळ्यात मोठं सुख. लहान घरात दोन तुकड्यांत ठेवता येतं आणि मुलांना कुठला टप्पा कधी गळून पडतो ते हातात घेऊन दाखवता येतं. वरच्या निमुळत्या भागात पाय दुमडलेलं छोटंसं चांद्रयान बसतं, त्याचं काम साधंच आहे, पण ते तिथे आहे हे छान. टोकाचा सुटकेचा मनोरा फार नाजूक. मोडलेली काडी मी दातांच्या कामातल्या पातळ तारेने बदलली. आता तीच सगळ्यात मजबूत आहे. उड्डाणाच्या वेळी अंतराळवीरांच्या कुपीवर पांढरं संरक्षक आवरण असायचं, म्हणून रॉकेट उभ्या अवस्थेत मांडणार असाल तर कुपी चंदेरी ठेवू नका, पांढरीच करा. ध्वज आणि लाल यूएसए ही अक्षरं आम्ही छपाईबरोबर घासून टाकली होती, ती मी टेपमधून कोरलेल्या साच्याने रंगवली. लाल कुठला घ्यायचा हे विचारायची गरजच नव्हती. बाबांनी तीन बाटल्या उन्हात धरून बघितल्या आणि एक बाजूला काढली.

आता ते शोकेसच्या शेजारी उभं आहे, पायाखाली सागाची फळी. शेजारच्या इमारतीतली मुलं शनिवारी येतात आणि बाबा त्यांना टप्पे काढून दाखवतात. पहिला टप्पा अडीच मिनिटांच्या आसपास जळून संपायचा हे सांगताना मुलांना घड्याळ लावून तेवढा वेळ गप्प बसवतात. अडीच मिनिटं किती मोठी असतात ते मुलांना कळतं, आणि एवढ्यात वीस लाख लिटरच्या आसपास द्रव संपला हे ऐकून ती एकमेकांकडे बघतात.

काळ्यावरच्या त्या पांढऱ्याबद्दल सांगायचं राहिलं. समोरून काही दिसत नाही. पण संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिरपं ऊन येतं आणि टाक्यांच्या मधल्या त्या भागावर पडतं, तेव्हा तिथला पांढरा आजूबाजूच्या पांढऱ्यापेक्षा अर्ध्या छटेने गार दिसतो. ए-वनच्या शेजारी बी-वन ठेवावा तसा. घरात दुसऱ्या कुणाला तो दिसत नाही. मला दिसतो आणि बाबांना दिसतो. अजून एक हात द्यायला हवा, तोही सगळ्या टप्प्यावर, म्हणजे कुठे जोड राहणार नाही. बाहेर पाऊस आहे. बाबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी पेन्सिलने गोल करून ठेवला आहे, आणि खाली लिहिलंय : पांढरा, चाळीस थेंब.